परभणी जंक्शनची ऊर्जा

परभणी स्टेशनातून तीन दिशांना रूळ जातात. एक पूर्णेकडे, एक मानवत रोडकडे आणि एक गंगाखेडकडे. मधले लहान थांबे सोडून द्या. कागदावर चार ठिपके काढा आणि परभणीचा ठिपका उरलेल्या तिघांना रेषेने जोडा. गणितात या आकृतीला ग्राफ म्हणतात. शाळेत चौकटीच्या कागदावर काढतो तो आलेख हा नव्हे. इथे फक्त ठिपके आणि त्यांची आपसातली नाती. या जिल्ह्यात मी अनेक वर्षे गणित शिकवले, ते याच चार ठिपक्यांपासून. या आकृतीची एक ‘ऊर्जा’ असते आणि ती भरते ३.४६४.

ही संख्या आली रसायनशास्त्रातून. १९३१ च्या सुमारास जर्मनीत एरिख ह्यूकेल बेंझिनच्या कोड्याशी झगडत होते. सहा कार्बन अणूंचे कडे, त्यात एकाआड एक दुहेरी बंध. कागदावर पाहिले तर हा पदार्थ चटकन दुसऱ्याशी संयोग पावायला हवा. प्रत्यक्षात तो हट्टाने आहे तसा राहतो. ह्यूकेल यांनी केलेला हिशेब आजच्या भाषेत असा: सहा अणूंचा आडवा-उभा तक्ता मांडा, जोडलेल्या अणूंच्या घरात १ लिहा, बाकी घरांत ०. अशा तक्त्यातून सहा संख्या निघतात: २, १, १, -१, -१, -२. त्यांना आयगेन मूल्ये म्हणतात. ऋण चिन्हे विसरून बेरीज केली की ८. तीन दुहेरी बंध सुटे असते तर बेरीज ६ झाली असती. वरचे २ म्हणजे इलेक्ट्रॉन कड्यात मोकळे फिरतात त्याचा लाभ.

१९७८ मध्ये युगोस्लाव्हियातील, म्हणजे आजच्या सर्बियातील, इव्हान गुटमान यांनी ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथून निघालेल्या एका लेखात सुचवले की आता अणू विसरा. कोणताही ग्राफ घ्या, हीच बेरीज करा आणि तिला ग्राफची ऊर्जा म्हणा. रसायनशास्त्रज्ञांना ही कल्पना फार गणिती वाटली असावी आणि गणितज्ञांना फार रासायनिक. जवळजवळ वीस वर्षे तिच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही.

गुटमान यांचा एक अंदाजही होता. सगळे ठिपके एकमेकांना जोडले की ऊर्जा सर्वांत जास्त होईल. कोणालाही पटावे असेच ते. दहा ठिपके असे पूर्ण जोडले तर ४५ रेषा लागतात आणि ऊर्जा होते १८. तो अंदाज चुकीचा असल्याचे १९८० च्या दशकातच लक्षात आले होते. पण त्याला मोडणारे ग्राफ ओळीने कसे तयार करायचे, हे १९९९ मध्ये वालीकर, रमणे आणि हम्पीहोळी या तिघांनी दाखवले. वालीकर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातले. रमणे आणि हम्पीहोळी यांचे पुढचे बरेच काम बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून झाले. आपल्या सीमेवरचेच हे गाव.

त्यांची युक्ती आपल्या गावांवरच करून पाहू. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ ही पाच गावे घ्या आणि प्रत्येक दोन गावांत एक रस्ता आहे असे माना. रस्ते झाले दहा. आता गावे पुसा आणि प्रत्येक रस्त्याचा एक ठिपका करा. ज्या दोन रस्त्यांचे एक गाव सामाईक, ते जोडा. दहा ठिपके, रेषा फक्त ३०. आणि ऊर्जा २०! पंधरा रेषा कमी, तरी ऊर्जा दोनने जास्त. फळ्यावर ही बेरीज मी पहिल्यांदा केली तेव्हा चूक झाली असे समजून पुसून पुन्हा केली.

मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले रवींद्र बापट यांनी सुकांत पती यांच्यासह २००४ मध्ये सिद्ध केले की ग्राफची ऊर्जा विषम पूर्णांक कधीच नसते. धन आयगेन मूल्ये आणि ऋण आयगेन मूल्ये तराजूच्या दोन पारड्यांसारखी समतोल असतात, म्हणून ऊर्जा नेहमी एका पारड्याच्या दुप्पट. ती पूर्णांक आली, तर ते पारडेही पूर्णांक असावे लागते, हा बीजगणितातला भाग.

पुढे या ऊर्जेला भावंडे फुटली. २००६ मध्ये लाप्लासियन ऊर्जा आली. २०१० मध्ये छायाचित्रातले अर्थपूर्ण भाग संगणकाकडून ओळखून घेण्यासाठी तिचा उपयोग झाला. प्रथिनांच्या आणि मेंदूतल्या जोडण्यांच्या अभ्यासातही ही कल्पना पोहोचली. मात्र नवी व्याख्या करायची आणि एक शोधनिबंध छापायचा, असेही बरेच झाले आहे.

एकदा वर्गात मी सांगितले की हीच चार स्टेशने एका ओळीत असती तर ऊर्जा ४.४७२ झाली असती, आणि तुकड्यांत न विभागलेल्या, कुठेही कडे नसलेल्या आकृत्यांत ताऱ्यासारख्या रचनेची ऊर्जा सर्वांत कमी असते. मागच्या बाकावरचा मुलगा उठला. “म्हणजे सर, जंक्शन असणं तोट्याचंच?” रेल्वेचे मला ठाऊक नाही, म्हटले, कार्बनचे सांगतो. चार कार्बनची ओळ म्हणजे ब्यूटाडाइन, कृत्रिम रबरासाठी ते टाक्या भरून साठवतात. मध्ये एक आणि भोवती तीन, अशी परभणीसारखी रचना असलेला रेणू १९६६ मध्ये सापडला खरा, पण तो इतका चंचल की साठवून ठेवता येत नाही.