तळटीप : शार्कच्या प्रतिपिंडाचे जनुक वाहणारे प्लाझ्मिड

प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राहून वेगळे राहणारे आणि स्वतंत्रपणे प्रती काढणारे डीएनएचे कडे. येथे अभिप्रेत असलेल्या प्लाझ्मिडमध्ये शार्क या कूर्चामय माशाच्या ‘आयजीएनएआर’ प्रतिपिंडातील ‘व्हीएनएआर’ या टोकाचे जनुक जोडलेले असते. नेहमीच्या प्रतिपिंडात दोन जड आणि दोन हलक्या शृंखला असतात. नर्स शार्कमध्ये सापडलेल्या व १९९५ साली वर्णन झालेल्या आयजीएनएआरमध्ये मात्र हलक्या शृंखला नसतात. त्यामुळे प्रतिजनाला धरण्याचे काम त्याचे टोक एकट्याने करते. या टोकाचे वजन सुमारे १२ किलोडाल्टन, तर माणसाच्या आयजीजी या नेहमीच्या प्रतिपिंडाचे सुमारे १५० किलोडाल्टन असते. इतके लहान प्रथिन एकाच जनुकावरून ई. कोलाय जिवाणूत तयार करता येते.

अशा प्लाझ्मिडमध्ये जनुकाच्या अलीकडे प्रवर्तक असतो. अनेक रचनांत तो आयपीटीजी हे रसायन घातल्यावर कार्यान्वित होतो. त्यापुढील संकेतक्रम प्रथिनाला जिवाणूच्या दोन पटलांमधील जागेत पोहोचवतो. प्रथिनाची घडी टिकवणारे गंधकबंध तेथे नीट जुळतात. जनुकाच्या शेवटी बहुधा सहा हिस्टिडिनांची शेपटी जोडतात. पेशींचा अर्क निकेलयुक्त स्तंभातून सोडला की या शेपटीमुळे हवे ते प्रथिन स्तंभात अडकून राहते आणि इतर बहुतेक प्रथिने वाहून जातात. प्लाझ्मिडवर बहुधा अँपिसिलीन या प्रतिजैविकाला रोध करणारे जनुकही ठेवतात. ते प्रतिजैविक मिसळलेल्या माध्यमात प्लाझ्मिड घेतलेल्या पेशीच वाढतात.