सात वर्षांची सून

कराचीची मुलगी कल्याणात सून म्हणून आली, तर आमच्या आजोबांच्या पिढीला त्यात नवल वाटत नसे. कोकणी मुसलमानांची घरे दोन्हीकडे, आणि १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. फाळणीनंतर १९४८ साली परमिट आले, १९५२ साली पासपोर्ट. सोयरिकी मात्र जुळतच राहिल्या.

१९५५चा नागरिकत्व कायदा मोठ्या मनाचा. भारतीयाशी लग्न झालेल्या स्त्रीला नागरिक म्हणून नोंदणी करता येई. अमुक वर्षे राहण्याची अट नव्हती. जावयाचा विचार मात्र कुणी केलाच नव्हता! १९८६च्या दुरुस्तीने जावईही आला. पण पाच वर्षे वास्तव्याची अट लागली. २००३च्या दुरुस्तीने पाचाची सात झाली.

तोवर सून आपल्याच घरात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. मुदत वाढवून घ्या, पोलिसांत नोंद करा, तिकडचा पासपोर्ट चालू ठेवा. माहेरी मयत झाली तरी आधी परतीच्या परवानगीचे बघायचे. निकाहला तीनदा ‘कबूल’ पुरते, अर्जांना गणती नाही.

तारीख चुकली तर भोग तिच्यापुरताच उरत नाही. ३ डिसेंबर २००४पासून इथे जन्मणाऱ्या बाळाला जन्माने नागरिकत्व हवे, तर बाप भारतीय असून भागत नाही. जन्मावेळी आईचे वास्तव्यही कायदेशीर लागते.