जे. पी. नगरातला एक नोव्हेंबर

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या जे. पी. नगरात विजेच्या खांबांना लाल-पिवळ्या पताका चढू लागतात. दिवाळीचे आकाशकंदील मागेपुढे लटकलेले असतात, त्यामुळे नवख्या माणसाला वाटते की हाही दिवाळीचाच थाट. मग १ तारखेला सकाळी रिक्षा स्टँडवर भोंगा सुरू होतो, टेबलावर भुवनेश्वरी देवीची तसबीर येते, झेंडा चढतो, कुवेंपूंचे नाडगीत होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातावर गोड काहीतरी ठेवले जाते. हा कर्नाटक राज्योत्सव. राज्याचा वाढदिवस म्हणा.

बदली बंगळुरूला झाली, क्वार्टर रिकामे नव्हते, म्हणून इथे भाड्याने राहतो. नगराला नाव बिहारच्या जयप्रकाश नारायणांचे, इस्त्रीवाला तमिळ, किराणा दुकानदार राजस्थानी, घरमालक धारवाडकडचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे ‘मेष्ट्रु’ म्हणतात, मीही म्हणतो. आपल्याकडचे मास्तरच ते. पलटणीत राहिलेल्या माणसाला अशी सरमिसळ नवी नाही. पण या एका तारखेचे माझ्याशी जुने नाते आहे आणि ते सरळ नाही. माझे गाव चंदगड तालुक्यातले आणि आजोळ खानापूरकडचे.

सीमाभागातल्या वाचकाला एवढे पुरे. इतरांसाठी सांगतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने मुंबई राज्यातले विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्याला दिले. बेळगावही दिले, फक्त ‘चंदगड तालुका वगळून’. या तीन शब्दांनी आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात आलो आणि खानापूर पलीकडे गेले. आईचे माहेर एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेले. कायदा लागू झाला ती तारीख १ नोव्हेंबर १९५६.

त्या दिवशी देशात १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेश झाले. त्याआधी पोट्टी श्रीरामुलूंनी तेलुगू राज्यासाठी उपोषणात प्राण सोडले होते (डिसेंबर १९५२), १९५३ च्या ऑक्टोबरात आंध्र झाले आणि मग फाजल अली आयोग बसला. कन्नड माणसाला या आयोगातून मोठी गोष्ट मिळाली. पाच ठिकाणी विखुरलेला त्याचा मुलूख एकत्र आला : जुने म्हैसूर, मुंबई राज्यातले चार जिल्हे, हैदराबादचे बिदर, गुलबर्गा आणि रायचूर, मद्रासकडचे दक्षिण कॅनरा, आणि कुर्ग. मराठी माणसाला त्याच दिवशी काय मिळाले? विदर्भ आणि मराठवाडा आले खरे, पण सौराष्ट्र-कच्छसह द्विभाषिक मुंबई राज्यात. म्हणजे ज्या तारखेला इकडे गुलाल उडाला, त्या तारखेला आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन तापलेला होता.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना इथेच थांबतात. मी मेष्ट्रुंकडे चहाला बसू लागल्यापासून मला अर्धी गोष्ट पुरत नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या कन्नड जिल्ह्यांत शाळा आणि कचेऱ्यांवर वरचष्मा मराठीचा होता. कन्नड घरातले पोर शाळेत मराठी अक्षरे गिरवत असे. डेप्युटी चन्नबसप्पा नावाच्या शिक्षणाधिकाऱ्याने तिथे कन्नड शाळा उभ्या करण्यासाठी जन्म वेचला. १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला, तो याच पोटतिडिकीतून. त्यात पुढाकार होता रा. ह. देशपांडे यांचा. आडनाव पुन्हा वाचा. म्हणजे कन्नड एकीकरणाची पहिली तक्रार इंग्रजांइतकीच आपल्याविरुद्ध होती. मेष्ट्रु हे सांगताना आवाज चढवत नाहीत. माझ्या कपात चहा ओततात आणि म्हणतात, “तुम्हाला बेळगावात जे वाटतं ना सुभेदारसाहेब, ते आमच्या आजोबांना धारवाडात वाटत होतं.” माझ्याकडे यावर उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

या चळवळीचे कुलपुरोहित म्हणतात ते आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले. टिळकांना मानणारे. ‘गीतारहस्य’ कन्नडात नेले ते यांनीच. १९१७ साली त्यांनी ‘कर्नाटक गतवैभव’ लिहून कन्नड माणसाला विजयनगर आणि चालुक्यांची आठवण करून दिली. पुण्यात शिवाजी महाराजांच्या नावाने माणसे कशी उभी राहतात हे पाहिलेला माणूस होता तो. आपल्याच आखाड्यात शिकलेला गडी समोर उभा राहिला, असे मी गमतीने म्हणतो. मेष्ट्रुंना ही गंमत आवडते.

आणि मग बेळगाव. आम्हा मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचे ते गुरुघर. १९२२ पासून मराठ्यांचे सेंटर तिथे आहे. रंगरूट म्हणून पळून पळून त्या मातीचा रंग आमच्या पीटी शूजना कायमचा लागला. तिथेच डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी अध्यक्ष असलेले एकमेव. ते भरवले टिळकांचे सहकारी, ‘कर्नाटक सिंह’ गंगाधरराव देशपांडे यांनी. लहानगी गंगूबाई हनगल तिथे गायली. हुइलगोळ नारायणरावांचे कन्नड नाडाच्या उदयाचे गीत तिथे घुमले आणि पहिली कर्नाटक एकीकरण परिषदही तिथेच झाली. पुढे २२ वर्षांनी, मे १९४६ मध्ये, त्याच बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. त्या संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला आणि आपली चळवळ उभी राहिली.

म्हणजे दोन्ही राज्यांच्या मागणीने पहिला मोठा हुंकार एकाच गावात दिला. त्या गावासाठी दोघे अजून भांडतात याचे नवल वाटायला नको. दोघांच्याही नाळा तिथेच पुरलेल्या आहेत. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला : २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकला आणि बेळगाव जिथे आहे तिथेच. महाराष्ट्राने तो मानला नाही. मागणी ८१४ गावांची आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात. इकडे २०१२ साली बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले.

म्हणून आजोळी १ नोव्हेंबर हा काळा दिवस. महाराष्ट्र एकीकरण समितीची सायकल फेरी निघते. माणसे काळे कपडे घालतात, दंडाला काळी फीत बांधतात. मामा जात असे. आम्ही रंगरूट मात्र सेंटरच्या फाटकाच्या आत. त्या दिवशी गावात जायचे नाही, एवढेच आम्हाला माहीत. बराकीत माझ्या एका बाजूच्या खाटेवर गोकाकचा, दुसऱ्या बाजूला साताऱ्याचा. गोकाकवाल्याला घरून करदंट यायचा आणि तो तिघांत संपायचा. तारखेविषयी कोणी काही बोलत नसे. उस्तादांच्या भीतीने असेल, किंवा पळून पाय दुखत असल्याने असेल.

इथला सण मात्र पाहण्यासारखा. झेंडा पिवळा आणि लाल, म्हणजे हळद आणि कुंकू. तो म. राममूर्ती यांनी साठच्या दशकात पुढे आणला. सरकारी मान्यता नाही, पण रिक्षावर, दुकानावर, बसवर तोच. माझी नजर आधी खांबाकडे जाते : तिरंगा असेल तर त्याच्यापेक्षा उंच दुसरे काही नको. आमच्या स्टँडवरची मुले हे नेमाने पाळतात, हे नोंदवून ठेवतो. रिक्षांवर चित्र शंकर नागचे. त्याचा वाढदिवस ९ नोव्हेंबर, त्यामुळे दोन्ही सोहळे एकमेकांत मिसळतात. या कन्नड नटाची सुरुवात मुंबईच्या मराठी रंगभूमीवर झाली होती हे मी रिक्षावाल्यांना सांगितले, तर त्यांनी मला भाड्यात सूट दिली नाही, पण बसायला खुर्ची दिली. त्याच्या आठवणीत अरुंधती नाग यांनी उभारलेले ‘रंग शंकरा’ नाट्यगृह इथेच, सेकंड फेजला आहे. ऑर्केस्ट्रा आणि डोळ्ळु कुणिता महिनाभर चालतात. एरवी इंग्रजी फाडणारा माणूसही या महिन्यात कन्नड बोलतो. त्याला इथे ‘नोव्हेंबर कन्नडिग’ म्हणून चिडवतात. आपल्याकडे २७ फेब्रुवारीला जागे होणाऱ्यांना असे नाव अजून कुणी दिलेले नाही.

एक खुबी आणखी. १९५६ ला राज्याचे नाव म्हैसूरच राहिले होते. धारवाड-गुलबर्ग्याच्या लोकांना ते खुपे. देवराज अर्स मुख्यमंत्री असताना १ नोव्हेंबर १९७३ ला ‘कर्नाटक’ झाले. १ नोव्हेंबर २०१४ ला बंगलोरचे बंगळुरू आणि बेळगावचे बेळगावी झाले. इथे नावे बदलायलाही हीच तारीख लागते.

गेल्या वर्षी मेष्ट्रुंनी विचारले, “तुमच्या १ मेला काय करता?” मी सांगितले : शिवाजी पार्कवर संचलन, झेंडावंदन आणि त्याआधी हुतात्मा चौकात फुले. शंभराहून जास्त माणसे गोळ्यांना बळी पडली तेव्हा १९६० साली राज्य मिळाले. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की १९५३ साली हुबळीजवळ अदरगुंचीला शंकरगौडा पाटील उपोषणाला बसले होते आणि हुबळीत दंगल पेटली होती, पण आमच्या सणात त्याची आठवण फार कुणी काढत नाही. देवीची मिरवणूक पुढे जाते.

मेष्ट्रुंच्या नातवाने यंदा मला पिवळी-लाल फीत लावायला आणली. मी ती खिशाला लावली आणि संध्याकाळी मामाला फोन केला. तो फेरीवरून नुकताच घरी आला होता, पाय शेकत बसला होता. सत्तरीच्या पुढचा माणूस सायकलवर. म्हणाला, “तिकडं काय चाललंय रे?” मी म्हटले, ऑर्केस्ट्रा. तो म्हणाला, गाणी बरी आहेत का?

बरी होती. राजकुमारची जुनी गाणी होती. फोन तसाच खिडकीकडे धरला आणि मामाने दोन गाणी ऐकली.