एकच मोटारसायकल : रोजची कचेरी आणि रविवारची आडवाट

सोमवार ते शुक्रवार शहरातील वाहतूक कोंडीतून कार्यालय गाठायचे आणि सुट्टीच्या दिवशी त्याच वाहनाने डांबरी रस्ता सोडून आडवाटेला लागायचे, अशा दुहेरी वापराच्या मोटारसायकलींचा वर्ग भारतात आता स्थिरावला आहे. रॉयल एनफिल्डची ‘हिमालयन’ २०१६ मध्ये आणि हीरो मोटोकॉर्पची ‘एक्सपल्स २००’ २०१९ मध्ये बाजारात आल्यानंतर हा पर्याय सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आला. मात्र या दोन कामांच्या अपेक्षा परस्परविरोधी आहेत. जो गुण खडकाळ वाटेवर उपयोगी पडतो, तोच सिग्नलवर पाय टेकताना अडचणीचा ठरतो. दुसऱ्या मोटारसायकलसाठी बहुतेक घरांत ना जागा असते ना पैसा. म्हणून चुकलेली निवड अनेक वर्षे सोसावी लागते. खरेदीपूर्वी अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा वजन, आसनाची उंची आणि टायर या तीन बाबी अधिक बारकाईने पाहणे त्यामुळेच हिताचे आहे.

पार्श्वभूमी

रस्त्यावर आणि रस्त्याबाहेर सारख्याच सहजतेने चालणाऱ्या मोटारसायकलची कल्पना नवी नाही. जपानच्या यामाहा कंपनीने १९६८ मध्ये अमेरिकी बाजारपेठेत आणलेली ‘डीटी-१’ ही या प्रकारातील पहिली मोठी यशस्वी मोटारसायकल मानली जाते. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये ‘आर ८० जी/एस’ सादर केली. तिच्या नावातील अखेरची दोन अक्षरे जर्मन भाषेतील ‘भूप्रदेश’ आणि ‘रस्ता’ या अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरे होत. भारतात हीरोने २०११ मध्ये १५० सीसी गटातील ‘इम्पल्स’ आणून हा प्रयोग केला. उंच बांधणीची आणि सुमारे १३४ किलो वजनाची ही मोटारसायकल जाणकारांना आवडली, परंतु बाजारात ती रुजली नाही व काही वर्षांत तिचे उत्पादन थांबले. जुन्या वाहनांच्या बाजारात तिला आजही चाहते आहेत, हा भाग निराळा.

वजनाचा प्रश्न

आडवाटेवर मोटारसायकल पडणे हा अपघात नसून नित्याचा प्रकार आहे. चिखलात पुढचे चाक सरकते, चढावर गती कमी होऊन वाहन एका बाजूला कलते आणि पाय टेकायला जमीन सापडत नाही. अशा वेळी वाहन उचलून पुन्हा उभे करावे लागते. तेथे शोरूममधील आकडे एकाएकी खरे वाटू लागतात.

तुलनेसाठी, देशभर रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरली जाणारी हीरो ‘स्प्लेंडर प्लस’ सुमारे ११२ किलो वजनाची आहे व तिच्या आसनाची उंची ७८५ मिलिमीटर आहे. २०१९ ची ‘एक्सपल्स २००’ १५४ किलो व ८२३ मिलिमीटर, तर २०२२ मध्ये आलेली सुझुकीची २५० सीसी ‘व्ही-स्ट्रॉम एसएक्स’ १६७ किलो व ८३५ मिलिमीटर अशी आहे. ४११ सीसीच्या ‘हिमालयन’चे वजन २०२० मध्ये १९९ किलोपर्यंत गेले होते, २०२३ मध्ये तिची जागा घेणाऱ्या ४५० मालिकेतील मोटारसायकलचे वजन १९६ किलो आहे. ‘एक्सपल्स’ आणि जुन्या ‘हिमालयन’मधील ४५ किलोंचा फरक महामार्गावर फारसा जाणवत नाही, उलट जोराच्या वाऱ्यात जड वाहन अधिक स्थिर वाटते. परंतु एकट्याने गेलेल्या चालकाला हेच वाहन ओढ्याच्या काठावरून दुसऱ्यांदा उचलावे लागले, तर उरलेला दिवस थकव्यात जातो. थकलेला चालक पुन्हा पडतो.

त्यामुळे एक साधी चाचणी करून पाहावी. खरेदीच्या विचारात असलेले वाहन ओळखीच्या कोणाकडे असल्यास मऊ जमिनीवर ते आडवे करून एकट्याने उचलावे. गिअर टाकलेला असावा. पाठ आसनाला टेकवून, एका हाताने हँडल व दुसऱ्या हाताने मागील पकड धरून, कमरेऐवजी पायांच्या बळावर मागे सरकत उचलणे ही योग्य पद्धत आहे. वाहन उचलता आले नाही, तर ते महामार्गावरील लांबच्या प्रवासासाठी उत्तम असेल, आडवाटेवर एकट्याने नेण्यासाठी मात्र नाही.

आसनाच्या उंचीबाबतही हाच विचार लागू होतो. दोन्ही तळपाय पूर्ण टेकलेच पाहिजेत असे नाही. एक पाय पूर्ण आणि दुसऱ्याचा चवडा टेकत असेल तर सरावाने पुरते. मात्र वाहतूक कोंडीत तासाभरात चाळीस वेळा थांबावे लागते, हे विसरता कामा नये. २०२३ मध्ये आलेल्या ‘एक्सपल्स २०० ४व्ही प्रो’च्या आसनाची उंची ८९१ मिलिमीटर आणि ग्राउंड क्लिअरन्स २७० मिलिमीटर होता. मोठमोठे दगड ओलांडण्यासाठी ही बांधणी उत्कृष्ट आहे. साडेपाच फूट उंचीच्या नोकरदाराने ती रोजच्या वापरासाठी घेतली, तर पावसाळ्यात तेलकट डांबरावर थांबताना दर वेळी तोल सांभाळावा लागेल.

मागे बसणारी व्यक्ती

जाहिरातींतील मोटारसायकलस्वार नेहमी एकटाच असतो. प्रत्यक्षात मागील आसनावर पत्नी, आई किंवा मुलगी बसते आणि वाहन उंच असेल तर चढ-उतार करणे तिला जड जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्या व्यक्तीसाठी कायमस्वरूपी पकड, पाय ठेवण्याची जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असणे आवश्यक आहे. ‘साडी गार्ड’ या नावाने परिचित असलेला हा भाग चिखल अडकतो म्हणून किंवा दिसायला बरा नाही म्हणून अनेक हौशी चालक पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. घरातील कोणीही साडी किंवा ओढणी घेऊन मागे बसणार असेल, तर तो काढू नये. वाहन निवडताना त्या व्यक्तीलाही शोरूममध्ये नेऊन प्रत्यक्ष बसवून पाहणे श्रेयस्कर.

चाके, टायर आणि ब्रेक

पुढील चाक २१ इंचांचे असेल तर ते खड्डे व दगड सहज ओलांडते. १७ इंचांचे असेल तर शहरात वाहन चपळाईने वळते. १९ इंची चाक हा दोहोंमधील तोडगा होय. स्पोकची चाके धक्का सोसतात, वाकली तरी बऱ्याचदा स्पोक ताणून सरळ करता येतात. परंतु त्यांत सहसा ट्यूब असते, त्यामुळे पंक्चर झाल्यास वाटेतच चाक उतरवावे लागते. अलॉय चाकात ट्यूबलेस टायर बसतो व पंक्चर जागेवर काढता येते, मात्र जोराच्या आघाताने कड वाकते अथवा तडकते. आठवड्याचे पाच दिवस डांबरावर आणि एक दिवस घाटातील खडीच्या रस्त्यावर जाणाऱ्याला अलॉय चाके पुरेशी आहेत. सह्याद्रीतील पाणंदी, दगडी चढ वा नदीपात्रे ओलांडणाऱ्याने स्पोकची चाके घ्यावीत, सोबत जादा ट्यूब व हवा भरण्याचा पंप बाळगावा आणि चाक उतरवणे घरीच शिकून घ्यावे.

टायरच्या बाबतीत मोठ्या गुट्ट्यांचा मोह टाळलेला बरा. असे टायर चिखलात पकड घेतात, पण डांबरावर लवकर झिजतात, आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी पडते. रोज ये-जा करणाऱ्याला कंपनीने दिलेले मिश्र वापराचे टायरच योग्य आहेत. आडवाटेवर हवा थोडी कमी केल्यास पकड सुधारते. डांबरावर परतताच ती पूर्ववत भरणे अत्यावश्यक आहे.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस ही चाक लॉक न होऊ देणारी ब्रेक प्रणाली बंधनकारक आहे. पक्क्या रस्त्यावर ती प्राण वाचवते. सुट्या खडीच्या उतारावर मात्र तिच्यामुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते. म्हणून मागील चाकापुरती ही प्रणाली बंद करण्याची सोय असलेले, अथवा ‘एक्सपल्स २००’प्रमाणे केवळ पुढील चाकाला ती असलेले वाहन सोयीचे पडते. पुढील चाकाची प्रणाली सुरूच असावी, आणि डांबरावर परतताना मागील चाकाचीही पुन्हा सुरू झाल्याची खात्री करावी.

कराची नवी रेषा

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या दरांत झालेल्या बदलामुळे या निवडीत आर्थिक बाजूही ठळक झाली आहे. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या इंजिनांवर पूर्वी उपकरासह ३१ टक्के आकारणी होती, ती ४० टक्के झाली. करापूर्वी १ लाख २० हजार रुपये किंमत असलेल्या लहान मोटारसायकलवरील कराचा बोजा यामुळे १२ हजार रुपयांनी घटला, तर करापूर्वी २ लाख रुपयांच्या मोठ्या मोटारसायकलवरील बोजा १८ हजार रुपयांनी वाढला. वाचलेल्या पैशांत आयएसआय चिन्हांकित चांगले हेल्मेट, घोट्यांना आधार देणारे बूट आणि गुडघ्यांचे संरक्षक घेता येतात. याच वस्तू बहुतेक जण ‘पुढच्या महिन्यात’ घेण्याचे ठरवतात.

लेहपर्यंतच्या लांबच्या प्रवासाचे स्वप्न असल्यास मोठ्या इंजिनाचा आग्रह समजण्यासारखा आहे. सामान लादून दिवसभर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जाताना २०० सीसीचे इंजिन थकते. पण असा प्रवास वर्षातून एकदा घडतो. कचेरी वर्षातून अडीचशे दिवस असते.

कायदा आणि वाट

खरेदीनंतरच्या फेरफारांबाबत सावधगिरी हवी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधोरेखित केली. कर्कश सायलेन्सर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. विमा पॉलिसीच्या अटीही वाचाव्यात. शर्यत किंवा वेगचाचणीत झालेले नुकसान सर्वसाधारण पॉलिसीत समाविष्ट नसते.

रस्ता नाही म्हणजे मोकळीक आहे, असा समज चुकीचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात परवानगीविना प्रवेश करता येत नाही. त्यातून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गावरील प्रवास तेवढा अपवाद आहे. कोकण व पश्चिम घाटातील जांभ्या खडकाच्या सड्यांवर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि पावसाळ्यात तेथे उगवणाऱ्या वनस्पती चाकाखाली चिरडल्या जातात. गावाकडची पाणंद ही शेतकऱ्याची बैलगाडीची व पिकाची वाट आहे, तेथे विचारूनच जावे.

जुने वाहन घेताना

आडवाटेची मोटारसायकल जुनी घेणे किफायतशीर ठरू शकते, कारण हौसेने घेतलेली अनेक वाहने कमी वापर होऊन विक्रीस येतात. अशा वेळी स्टिअरिंगचे बेअरिंग, पुढील सस्पेन्शनमधून तेल गळते का, चाकांच्या कडा आणि इंजिनखालील पत्र्यावरचे घाव प्रथम पाहावेत. एअर फिल्टर उघडून त्यात चिखलाचा थर आढळल्यास इंजिनात पाणी गेले असण्याची शक्यता गृहीत धरावी. नोंदणी पुस्तकातील कर्जाची नोंद रद्द झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि वाहन दुसऱ्या राज्यातील असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आधी हाती घ्यावे.