सूट कशातून मिळाली?

मागच्या व्याख्यानात आपण टस्कीगीपाशी थांबलो होतो. 1972 साली ते प्रकरण उघड झालं आणि 1974 मध्ये अमेरिकेत कायदा आला: सरकारी पैशातून माणसांवर संशोधन करायचं, तर आधी समितीची मंजुरी हवी. पण सुई वेगळी आणि प्रश्नावली वेगळी, नाही का? नाव न विचारता चार प्रश्न विचारले, तर कुणाचं काय बिघडतं? इथिएल डी सोला पूल यांच्यासारख्या राज्यशास्त्रज्ञांचा आक्षेप हाच होता, आणि 1981 च्या नियमांत तो बराचसा मान्य झाला. उत्तर देणारा ओळखता येत नसेल किंवा उत्तरामुळे त्याचं नुकसान होणार नसेल, तर सर्वेक्षणाला सूट मिळाली.

आता लॉड हम्फ्रीज आठवूया. साठच्या दशकात त्यांनी सार्वजनिक स्वच्छतागृहांत भेटणाऱ्या पुरुषांच्या गाड्यांचे नंबर टिपले, त्यावरून पत्ते काढले आणि सुमारे वर्षभराने रूप पालटून, आरोग्य सर्वेक्षणाच्या निमित्ताने त्यांच्या घरी गेले. 1970 च्या पुस्तकात त्यांपैकी एकाचंही नाव नाही. पण यादी होती, आणि तेव्हा असे संबंध गुन्हा होते.

म्हणजे 'नाव छापलं नाही' आणि 'नाव कळूच शकत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निनावी म्हणून सूट आहे ती दुसरीला. आणि त्या सुटीने समितीची फेरी वाचते, संमतीची सहीही वाचते. पण 1979 च्या बेल्मॉन्ट अहवालाने पहिलं तत्त्व म्हणून सांगितलेला व्यक्तीचा आदर काही माफ होत नाही. आम्ही कोण, हे कशासाठी विचारतो, नको वाटलं तर उत्तर देऊ नका, एवढं तरी आपण प्रश्नावलीच्या आधी सांगायलाच हवं.