सुई लागू पडली

घटसर्पाची गोष्ट आजी फार थोडक्यात सांगायची. संध्याकाळी म्हशीनं वैरण सोडली, रात्री गळा सुजला, जीभ बाहेर आली, घरघर लागली आणि उजाडायच्या आत दावं रिकामं. तिच्या सांगण्यात रडं नसे. कोयनाकाठच्या आमच्या गावात मृग बरसला की हे होणार हे धरूनच चालायचे. यंदा कुणाच्या दारात, एवढाच प्रश्न असायचा. आजी सन मोजत नसे. 'म्हसरांची साथ आली ते साल' आणि 'भूकंपाचं साल', म्हणजे १९६७, एवढ्या दोन खुणांवर तिचा सगळा हिशेब चाले.

उपाय होते. विळा लाल तापवून गळ्यावर डाग द्यायचा. लिंबाच्या पाल्याची धुरी करून सगळी गुरं त्यातून काढायची. फारच झालं तर मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाला हा आहेर सकाळी कळे आणि तेही लगबगीनं गाडा आपल्या पलीकडच्या शिवेला पोचवून येत. रोग शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची ही सोय आजी अगदी निर्मळ मनानं सांगायची.

खरं तर शत्रू शिवेबाहेरून येतच नव्हता. पाश्चरेला मल्टोसिडा हा जंतू धडधाकट दिसणाऱ्या म्हशीच्या घशात मुक्काम ठोकून असतो. उन्हाळाभर वैरणीची चणचण, त्यावर पहिल्या पावसाचं भिजणं आणि लगेच भातखाचरातली चिखलणी, अशानं जनावर खचलं की तो उसळतो आणि सोबतच्या जनावरांतही पसरतो. ओल्या हवेत त्याचं फावतं. म्हणजे आजीचा मृगाचा अंदाज बरोबर होता. गाड्याचा रस्ता तेवढा चुकला.

फऱ्या या दुसऱ्या रोगाच्या बाबतीत मात्र जुनी माणसं कारणाच्या फार जवळ पोचली होती. आमच्या खालच्या माळाचा एक कोपरा 'खाणारा' म्हणून सोडलेला असे. तिथं पाडी, खोंड बांधायचं नाही. कारण विचारलं की कुणाच्या तरी सुनेच्या शापाची गोष्ट निघे. फऱ्या सहसा सहा महिने ते दोन वर्षांच्या, अंगानं चांगल्या भरलेल्या वासरांनाच गाठतो. मागच्या फऱ्यावर सूज येते, तीवर हात फिरवला की कातडीखाली चरचर वाजतं, कारण मांस कुजून आत वायू धरलेला असतो. त्याचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय, मातीत बीजाणूच्या रूपानं वर्षानुवर्षं पडून राहतो. मेलेलं जनावर जिथं फाडलं किंवा उथळ पुरलं, ती जागा खरोखरच पुढची वासरं खाते. फ्रान्समध्ये बोस भागातले शेतकरीही काळपुळीनं, म्हणजे अशाच बीजाणूंच्या दुसऱ्या रोगानं, मेंढ्या मरणाऱ्या जमिनींना शापित शेतंच म्हणत. लुई पाश्चर तिथं जाऊन बसला आणि पुरलेल्या मढ्यातले बीजाणू गांडुळांच्या मातीबरोबर वर येत असावेत असं त्यानं १८८० च्या सुमारास मांडलं. लोकांच्या शापाला त्यानं हसण्यावारी नेलं नाही, हे मला फार आवडतं.

आमच्या घरच्या गोष्टींत एक माणूस मात्र कधीच येत नाही. 'मग ते ओढून नेलं,' इथं गोष्ट संपते. कुणी नेलं? महारकीच्या कामांत मेलेलं ढोर ओढणं होतं, आणि ती सक्ती होती. काळपुळीनं मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येतं. असं ढोर फाडायचंच नसतं, कारण हवा लागली की जंतू बीजाणू धरतो. खोल खड्डा, चुना आणि माती, एवढंच. पण कातडं तर काढायचंच असे. पलीकडच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्यांनी मला त्यांच्या चुलत्याच्या मनगटावरची पुळी सांगितली होती: दुखत नव्हती, मधोमध कोळशासारखी काळी होत गेली आणि चौथ्या दिवशी माणूस तापानं गेला. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत ढोरांचं मांस सोडा असं बजावलं आणि पुढं ढोरं ओढायचं कामही गावोगाव नाकारलं गेलं. त्यामागं स्वाभिमानाचा प्रश्न होता, हे सगळे सांगतात. त्या निर्णयानं रोगाच्या तोंडून किती हात वाचले असतील, याकडे आमच्या माजघरातल्या गोष्टींनी पाठच फिरवली.

दवाखान्याच्या गोष्टी नानामामांकडून आल्या. ते लोकल बोर्डाच्या ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर त्याच खुर्चीवर, म्हणजे त्याच स्टुलावर, झेडपीचे झाले. बाहेर लाकडी खोडा, आत डॉक्टरांचं टेबल, रॉकेलच्या स्टोव्हवर उकळणारी काचेची सिरिंज आणि ट्रेमध्ये जाडजूड सुया. त्यांतली एखादी बोथट झाली की नानामामा ती निसण्याच्या दगडावर तेल टाकून घासत आणि नखावर टेकवून धार बघत. नवी सुई मागवायची तर मागणीपत्रक तालुक्याला जाई. 'तवर म्हस काय थांबती व्हय?'

त्यांच्या उमेदवारीच्या दिवसांत घटसर्पाला सल्फाचं औषध शिरेतून देत. मग पेनिसिलिन आलं, स्ट्रेप्टोमायसिन आलं, पिवळ्या रंगाचं टेरामायसिन आलं. पेनिसिलिनच्या बाटलीत पांढरी पूड असायची. रबरी बुचातून पाणी सोडायचं, तळव्यांत धरून हलवायचं आणि ओढून घ्यायचं. ही पूड पुढं पुढं पिंपरीहून यायची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ साली तिथं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. आमच्या भावकीतले एक काका तिथं कामाला लागले, तेव्हा गावात त्यांचा भाव नानामामांपेक्षाही वाढला. सुट्टीत आले की ते पोलादी टाक्यांत बुरशी कशी वाढवतात, तिला खायला काय घालतात, हवा कशी सोडतात हे सांगत, आणि पारावरची माणसं भाकरीवरच्या बुरशीकडे आदरानं पाहू लागत.

नानामामांची आवडती गोष्ट एका म्हशीची. घटसर्प झालेला, गळा सुजून छातीपर्यंत उतरलेला, म्हैस आडवी. डॉक्टरांनी टेरामायसिन दिलं आणि म्हैस उठली. मी लहान होते तेव्हा ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठायची. मी कॉलेजात गेले तोवर ती तासाभरात उठू लागली. शेवटी शेवटी तर नानामामा सुई काढतायत तोच म्हैस पायांवर! एका पशुवैद्य मैत्रिणीला मी ती ऐकवली. तिनं शांतपणे विचारलं, 'नक्की घटसर्पच होता का?' या रोगात ताप चढताक्षणी औषध पोचलं तर जनावर वाचतं. गळा उतरून म्हैस आडवी झाल्यावर जंतू मारूनही फारसं हाती लागत नाही, कारण तोवर त्यांचं विष रक्तात भिनलेलं असतं. अशा वेळी चांगलं औषधही हरतं, आणि हरलेल्या औषधाची गोष्ट कुणी पारावर बसून सांगत नाही.

मला मात्र या गोष्टींत काय राहून गेलं त्याचं जास्त कुतूहल आहे. घटसर्प आमच्या गावातून हटला तो मुख्यतः मे महिन्यातल्या लसीकरणानं; पुण्याला औंधच्या संस्थेत तयार होणारी घटसर्पाची आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचली जाऊ लागली म्हणून. जंतूंच्या या कामाशी पुण्याचं नातं तसं जुनंच. देशातली जनावरांच्या रोगांची पहिली जंतुप्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच निघाली; तिथल्या दाट वस्तीत संसर्गाचे प्रयोग नकोत म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. १८९७ साली खुद्द रॉबर्ट कॉख तिथं जाऊन आला. आजची इज्जतनगरची पशुवैद्यक संशोधन संस्था हा तिचाच विस्तार. पण नानामामांनी आयुष्यात टोचलेल्या हजारो लशींची त्यांच्याकडे एकही गोष्ट नव्हती. असणार कुठून? लस टोचली, म्हैस आजारी पडली नाही, यात सांगण्यासारखं काही घडतच नाही. सुईनं उठलेली एक म्हैस पन्नास वर्षं गावभर फिरते. आजारीच न पडलेल्या शेकडो म्हशी नुसत्या दूध देत राहतात.

या एकतर्फी गोष्टींनी एक समजूत पक्की केली: जनावर आजारी, की सुई. लाळ्या-खुरकत विषाणूचा, त्यावर पेनिसिलिन चालत नाही, तरी लोक मागतात. या रोगात नंतर चिघळणाऱ्या जखमांसाठी कधी ते लागतंही, पण मागणारा जखम बघून मागत नाही. डॉक्टरांनी सुई दिली नाही तर 'ह्यांना काय येत न्हाई' म्हणून लोक दुसऱ्याकडे जातात, आणि गावात दुचाकीवर बॅग घेऊन फिरणारा कुणीतरी दुसरा असतोच.

पुढं म्हशींच्या जोडीला संकरित गाई आल्या. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ ही संस्था उभी केली आणि गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या गोठ्यापर्यंत पोचल्या. आमच्या चुलतभावाच्या गोठ्यात आज एचएफ गाई आहेत. त्यांची भरलेली कास, ओला गोठा आणि दिवसातून दोनदा घाईची धार, म्हणजे दगडीला, कासेच्या सुजेच्या रोगाला, आमंत्रण. गोठा सांभाळते वहिनी. पहिल्या धारा ती काळ्या कापडावर सोडून बघते. दुधात कणभर गाठ दिसली तरी तिची भुवई वर जाते. मागं एका गाईचा एक सड असा झाला की दाबला तर दगडच, आणि दुधाऐवजी पिवळट पाणी. सडात ट्यूब सोडल्या, कासेची सूज ओसरली, औषध थांबवलं. काही आठवड्यांत पुन्हा तेच. पुन्हा ट्यूब, आणखी महाग. तिसऱ्यांदा वहिनीनं नाद सोडला आणि दूध तपासायला नेलं.

तो निकाल मी तिच्याबरोबर प्रयोगशाळेत पाहिला. काचेच्या बशीत जंतूंचा दाट पांढुरका थर वाढलेला, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या. औषध चालत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल कडं पडतं. पेनिसिलिनच्या टिकलीला जंतू अगदी कडेपर्यंत भिडले होते. टेट्रासायक्लिनलाही तसंच. दोन टिकल्यांभोवती तेवढी मोकळी जागा. वहिनी म्हणाली, 'म्हणजे दोन येळा पैसं दिलं ते ह्यांना खाऊ घालायला?' तिथल्या मुलीनं सांगितलं, जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरिअस आहे; कासेच्या मांसात दडून बसतो आणि पेनिसिलिन मोडून टाकणारं रसायन स्वतःच बनवतो. अर्धवट सोडलेल्या उपचारातून जे वाचले तेच पुढं वाढले. शिवाय औषध चालू असतानाचं आणि नंतर ट्यूबच्या वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंतचं दूध डेअरीला घालायचं नसतं. घालतात. ज्याचं घर दुधाच्या पगारावर चालतं त्याला तेवढ्या दिवसांची भरपाई कुणी देत नाही, हे न बोलता नुसतं शेतकऱ्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही.

कोंबड्यांचं प्रकरण तर याहून निगरगट्ट. तिथं आजाराचंही निमित्त लागलं नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ऑरिओमायसिन बनवून उरलेला चोथा पिल्लांना घातला तर ती भराभर वाढतात असं दिसलं, आणि प्रतिजैविक खाद्याच्या पोत्यात शिरलं. माणसांच्या दवाखान्यात शेवटचा आधार म्हणून राखलेलं कोलिस्टिनसुद्धा सुटलं नाही. त्याला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे उचलून देता येतो, हे २०१५ साली चीनमध्ये डुकरांवरच्या अभ्यासातून बाहेर आलं. आपल्याकडे जनावरं, कोंबड्या आणि मत्स्यशेतीसाठी त्याच्यावर बंदी आली जुलै २०१९ मध्ये.

गंमत म्हणजे दगडीवर आजी कोरफडीचा गर, हळद आणि चुना एकत्र वाटून कासेला लावायची, आणि आज हेच मिश्रण राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ शेतकऱ्यांना लावायला सांगतं. वहिनी लावते, सुरुवातीच्या सुजेवर उपयोग होतो म्हणते. गाय तापली तर मात्र ती वाटण करत बसत नाही, डॉक्टरांना फोन करते. आजीनंही फोन असता तर केलाच असता.

गेल्या मेमध्ये मी गावी होते तेव्हा चावडीसमोर लसीकरण चाललं होतं. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांवरचे बारा आकडे एक पोरगा मोबाइलमध्ये भरत होता, दुसरा टोचत होता. जनावरं निम्मीच आली होती. लशीनं गाठ येते, दोन दिवस दूध कमी पडतं, म्हणून काहींनी म्हशी सकाळीच रानात काढल्या होत्या. वरच्या आळीतला एक तरुण मोकळ्या हातांनी आला आणि टोचणाऱ्याला म्हणाला, 'माझ्या जन्मात हितं घटसर्प झालेला मी बघितला न्हाई. मग टोचायचं कशासाठी?'

वहिनी दोन्ही हातांनी म्हशीचं मुस्कं धरून उभी होती. 'टोचतात म्हणून बघितला न्हाईस,' ती म्हणाली. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. टोचणाऱ्या पोरानं वादात पडायचं टाळलं. पेटीतला बर्फ वितळायच्या आत त्याला खालच्या आळीतली जनावरं उरकायची होती, म्हणून त्यानं पुढचा बिल्ला वाचायला घेतला.