फिलिपिनो घर : बांबूच्या खांबांपासून काँक्रीटच्या भिंतींपर्यंत

मराठीत 'घर' या एकाच शब्दात वास्तू आणि त्या वास्तूत नांदणारा संसार या दोन्ही गोष्टी सामावतात. आपण घर बांधतो, घर चालवतो, आणि दुर्दैवाने कधी घर मोडतेही. फिलिपिन्समधील तागालोग भाषेत मात्र यासाठी दोन निराळे शब्द आहेत. 'बहाय' म्हणजे घराची इमारत आणि 'तहानान' म्हणजे माणसाचे राहते, जिव्हाळ्याचे ठिकाण. या दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी 'तहान' हा शब्द आहे. आपल्या तहानेशी त्याचा काही संबंध नाही. 'वस्ती करणे' आणि 'रडे थांबवणे' असे दोन्ही अर्थ त्यास आहेत. रडणाऱ्या लेकराला तेथील आई 'तहान ना' म्हणून उगी करते. 'बहाय' आणि 'तहानान' यांची सांगड या द्वीपसमूहाच्या इतिहासात कशी पडत आणि तुटत गेली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तेथील पारंपरिक घरास 'बहाय कुबो' म्हणतात. जमिनीपासून उंच खांबांवर उभारलेले, बांबूच्या कामट्यांचे कूड असलेले आणि निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांनी शाकारलेले हे घर आपल्या कोकणातील माणसाला फारसे परके वाटणार नाही. खांबांमुळे पावसाचे पाणी खालून वाहून जाते, आणि बांबूच्या तक्तपोशीच्या फटींतून वारा वर येतो. खालच्या मोकळ्या जागेला 'सिलोंग' म्हणतात. तेथे कोंबड्या, डुकरे, शेतीची अवजारे आणि सरपण यांची सोय होते. मागील बाजूस 'बतालान' नावाची उघडी माची असते. पाण्याचे रांजण तेथेच ठेवतात आणि धुणेभांडी तेथेच होतात. घराच्या पोटात आडभिंती जवळजवळ नसतातच. रात्री चटया अंथरल्या की तीच झोपण्याची खोली आणि सकाळी त्या गुंडाळल्या की तीच बैठक.

असे घर वादळात पडते. पण चार दिवसांत पुन्हा उभे राहते. ते उचलूनही नेता येते! शेजारीपाजारी जमून घराखाली बांबूचे वासे घालतात आणि खांद्यावर घेऊन ते दुसऱ्या जागी नेऊन ठेवतात. घरमालकाने त्या सर्वांना जेवू घालावे, एवढाच त्याचा मोबदला. या प्रथेला 'बायानिहान' असे नाव असून 'बायान' म्हणजे गाव किंवा समाज, या शब्दावरून ते आले आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. येथे बिऱ्हाड एकट्याच्या पाठीवर नसून साऱ्या गावाच्या खांद्यावर असे. फ्रान्सिस्कन मिशनरी हुआन दे प्लासेन्सिया याने १५८९ मध्ये तागालोग लोकांच्या चालीरीतींची नोंद केली. तेथील वस्तीच्या लहानात लहान घटकाला 'बारांगाय' म्हणतात आणि तोच शब्द नावेलाही लावतात, हे त्याने टिपून ठेवले आहे. एका नावेतून आलेले आप्तस्वकीय आणि सोबती म्हणजे एक वस्ती, अशी त्याची उपपत्ती होती.

स्पॅनिश लोकांच्या आगमनाने या फिरत्या जीवनाला खीळ बसली. १५२१ मध्ये मॅगेलनने सेबूच्या राणीला तिच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगी बाळ येशूची मूर्ती भेट दिली होती. चव्वेचाळीस वर्षांनी, १५६५ मध्ये, लेगास्पीची तुकडी तेथे उतरली, तेव्हा आगीतून वाचलेल्या एका घरात पेटीत जपून ठेवलेली ती मूर्ती एका सैनिकाला सापडली. फिलिपिन्समधील ख्रिस्ती श्रद्धेची ही सर्वांत जुनी खूण मंदिरात नव्हे, तर एका घरात सापडली, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे. पुढे मिशनऱ्यांनी विखुरलेल्या वाड्यावस्त्या एकत्र करून चर्च आणि चौक यांभोवती गावे वसवली. चर्चच्या घंटेचा नाद ऐकू येईल तेथे माणसाने राहावे, अशी त्यामागील कल्पना होती. धर्मशिक्षण आणि करवसुली या दोहोंना ती सोयीची होती, हे मान्य केले पाहिजे. अनेक कुटुंबांनी मात्र शेताजवळची झोपडी सोडली नाही. ती रविवारी आणि सणावारी तेवढी गावात येत राहिली.

१५७१ मध्ये स्पॅनिश सत्तेखाली आलेले मनिला शहर आरंभी लाकूड, बांबू आणि निपा यांचेच होते. १५८३ मध्ये गव्हर्नर रोंकियो याच्या अंत्यविधीच्या वेळी मेणबत्त्यांनी आग लागली आणि जवळजवळ सारे शहर भस्मसात झाले. त्यानंतर येशूसंघीय फादर आंतोनियो सेदेन्यो यांच्या पुढाकाराने दगड-चुन्याचे बांधकाम सुरू झाले. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू म्हणून मनिलात राहिले, ते याच काळात. १५९३ मध्ये ते तेथूनच जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झाले.

परंतु आगीपासून वाचवणारा दगड भूकंपात जीव घेतो, हे १६४५ च्या भूकंपाने शिकवले. त्यातून 'बहाय ना बातो', म्हणजे 'दगडी घर', आकारास आले. नाव दगडी असले तरी त्याचा फक्त खालचा मजला दगडी असे. वरच्या राहत्या मजल्याचा आणि छपराचा भार लाकडी खांबच वाहत. थोडक्यात, कुबोचा सांगाडा दगडाआड कायम राहिला. १८६३ आणि १८८० च्या भूकंपांनंतर जड कौलांची जागा पत्र्यांनी घेतली. वरच्या मजल्याच्या सरकत्या खिडक्यांना काचेऐवजी 'कापिझ' शिंपल्यांची चौकोनी तावदाने बसवत. त्यांतून येणारा प्रकाश दुधाळ आणि सौम्य असतो. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत याच जातीचे शिंपले आढळतात.

घर कोणाच्या जमिनीवर उभे आहे, हा प्रश्न मात्र खिडक्यांच्या शोभेने सुटत नाही. कालांबा येथे होसे रिझाल यांच्या कुटुंबाचे असेच एक प्रशस्त घर होते. तेथील जमीन डोमिनिकन संघाच्या मालकीची होती. खंडावरून वाद पेटला, प्रकरण न्यायालयात गेले आणि गव्हर्नर वेलर याच्या सैनिकांनी रिझाल कुटुंबासह अनेक कुळांना घराबाहेर काढले. याच सुमारास, १८९० मध्ये, रिझाल यांनी मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या १६०९ च्या इतिहासग्रंथाची सटीप आवृत्ती पॅरिसमध्ये प्रसिद्ध केली. स्पॅनिश येण्यापूर्वीही आपल्या लोकांना स्वतःचे घर आणि स्वतःची रीत होती, हे त्यांना जगाला दाखवायचे होते. १८९६ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्यांनी लोकांना घंटेच्या हाकेजवळ बोलावून घर दिले, त्यांच्याच एका संघाच्या नावावर लोक बेघर झाले. हा इतिहास आपण धर्मगुरूंनी तरी झाकून ठेवू नये.

विसाव्या शतकाने निराळाच पेच आणला. १९७४ च्या कामगार संहितेनंतर परदेशी नोकरी हे सरकारी धोरण बनले. २०१३ च्या सरकारी अंदाजानुसार सुमारे १ कोटी फिलिपिनो देशाबाहेर होते. त्यांच्या पैशातून गावोगाव काँक्रीटचे बंगले उठले. बातांगास प्रांतातील माबिनी येथे इटलीत राबणाऱ्यांनी इटालियन धर्तीची घरे बांधली आहेत. त्यांतील कित्येकांत म्हातारे आईवडील आणि नातवंडेच राहतात. बांधणारी लेक कोठे तरी दुसऱ्याचे घर झाडत असते, दुसऱ्याचे मूल 'उगी उगी' करीत असते. घरकामगाराला तागालोगमध्ये 'कासांबहाय', म्हणजे घरातील सोबती, असा सन्मानाचा शब्द आहे. २०१३ मध्ये झालेल्या कायद्याने त्या शब्दाला मायदेशात किमान वेतनाची आणि साप्ताहिक सुटीची जोड दिली. परदेशातील मालकिणीला मात्र तो कायदा लागू होत नाही.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला आलेल्या हैयान वादळाने ६ हजारांहून अधिक माणसे नेली आणि सुमारे ११ लाख घरांची पडझड केली. लोकांनी मोडक्या पत्र्यांचे आणि फळ्यांचे आडोसे उभारले, आणि नाताळ आला तेव्हा पडक्या घरांवरही 'पारोल', म्हणजे ताऱ्याच्या आकाराचे कंदील, टांगले.

आखातातील चर्चमध्ये वसई-गोव्याची माणसे फिलिपिनो बांधवांच्या शेजारीच मिस्सेला बसतात. त्यांचा प्रश्न आपलाही आहे. आपल्या गावांतही नव्या बंगल्याला आशीर्वाद द्यायला गेलेल्या धर्मगुरूपुढे पुष्कळदा दोन वृद्ध जीवच उभे असतात. परदेशी जाणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही; तो घरासाठीच घर सोडतो. मात्र मागे राहिलेल्यांचे घर खांद्यावर घेणे हे शेजाऱ्यांचे आणि धर्मग्रामाचे काम आहे. म्हाताऱ्यांची विचारपूस, दवाखान्याची खेप, मुलांचा अभ्यास, संध्याकाळची एकत्र प्रार्थना, एवढे तरी आपण वाटून घेऊ शकतो. फिलिपिनो शेतकरी बांबूचे वासे घालून शेजाऱ्याचे घर उचलत असे, तेव्हा तोही यापेक्षा निराळे काही करीत नव्हता.